थंडीतली केळ



सत्यनारायण म्हटला, की चौरंगाला केळीचे खुंट हवेतच.
दादरच्या बाजारात ते हमखास मिळतात.

गिरगाव-परळच्या केळीला थंडीची फिकीर नाही.
समुद्र तिला सांभाळतो.

पण जळगावकडे या.
रावेर, यावलचे केळीचे मळे.
हिवाळ्यात तिथे पारा कधी 10 अंशांच्याही खाली जातो.
मग केळ गारठते.
पानं पिवळी पडतात.
कधी घड खोडातच अडकतो.

शेतकरी काय करतो?
रात्री विहिरीचं पाणी देतो.
ते गार हवेपेक्षा कोमट असतं.
पहाटे बांधावर ओलसर पाचोळा पेटवून धूर करतो.
घडाला पिशवी घालतो.

म्हणजे काय, तर मुळाशी ऊब आणि घडाला आडोसा.

आता लंडनला जाऊ.
तिथल्या बागांत एक केळ दिसते. मुसा बासजू.
शोभेचीच. फळं खाण्याजोगी नसतात.
कडाक्याच्या थंडीत तिची पानं करपतात.
माळी बुंध्याभोवती पेंढ्याचा जाड थर देतात.
वसंतात नवा कोंब येतो.

कारण केळीचं खरं खोड जमिनीखाली असतं. तो कंद.
वर दिसतात, त्या एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या सोपटी.
कंद वाचला, की केळ वाचली.
म्हणून पुन्हा सांगते, मुळाशी ऊब हवी.

आणि हो, घरातली हिरवी फणी फ्रिजमध्ये ठेवू नका.
साल काळी पडते, केळी नीट पिकत नाहीत.
फळीवर, उघड्यावर राहू द्या.