अपुऱ्या दिवसांचे बालक आणि नाळेची दोन मिनिटे
(चौसाळा परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक यांच्यासाठी भाषण)



मूल जन्मताच नाळ कापावी, ही रीत दवाखान्यांतून दीर्घकाळ रूढ होती. मातेचा रक्तस्राव त्यामुळे आटोक्यात राहतो, असा समज होता. पुढे असे दिसून आले की, रक्तस्राव रोखण्याचे काम मातेला दिलेले इंजेक्शन करते. त्यासाठी नाळ घाईने कापण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस केली. भारत सरकारच्या २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही नाळ उशिरा कापण्याचा समावेश आहे.

या थांबण्याचे कारण साधे आहे. जन्माच्या क्षणी बालकाचे सुमारे एक तृतीयांश रक्त वारेत असते. दिवस जितके कमी, तितका हा वाटा मोठा. नाळेचे ठोके चालू असेपर्यंत ते रक्त बालकाकडे येत राहते. पूर्ण दिवसांच्या बालकास त्यातून पुढील काही महिन्यांसाठी लोहाचा साठा मिळतो. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत मात्र प्रश्न जीविताचाच असतो. २०२३ साली वीस चाचण्यांतील सुमारे ३,३०० अशा बालकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. नाळ तात्काळ कापलेल्या बालकांपैकी शेकडा आठ रुग्णालयातच दगावली. अर्धा मिनिट वा अधिक थांबलेल्यांत हे प्रमाण शेकडा सहा होते. दोन मिनिटे थांबणे अधिक हितकारक असावे, असेही त्यातून सूचित झाले.

हा नियम आंधळेपणाने पाळावयाचा नाही. बालक श्वास घेत नसेल किंवा मातेस अतिरक्तस्राव होत असेल, तर निर्णय डॉक्टरांचाच. थांबण्याच्या काळात बालकास कोरडे करून उबदार ठेवलेच पाहिजे. अठ्ठावीस आठवड्यांहून लहान बालकाची नाळ पिळून रक्त आत ढकलणे धोक्याचे आहे.

बीड जिल्ह्यात या प्रश्नास वेगळे महत्त्व आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांत गरोदर भगिनीही असतात. फडात वा वाटेत अवेळी कळा सुरू झाल्या, तर दोन मिनिटांचे ज्ञान असणारे कोणी जवळ नसते. म्हणून टोळी निघण्यापूर्वीच पंचायतीने आशा कार्यकर्तीसह गरोदर स्त्रियांची यादी करावी, माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या हाती द्यावे आणि कारखान्याजवळचे रुग्णालय व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुकादमास सांगून ठेवावा. कोणते कुटुंब कधी जाणार, हे शिक्षकांना मुलांच्या हजेरीवरून आधी कळते. ती माहिती त्यांनी आशा कार्यकर्तीस द्यावी.

नातेवाईकांनीही प्रसूतिगृहाबाहेर घाई करू नये. परिचारिका नाळ हाती धरून थांबली असेल, तर तो हलगर्जीपणा नव्हे. त्या दोन मिनिटांत ती बालकास त्याचेच रक्त परत मिळवून देत असते.