नव्या फोनची पहिली रात्र

महाडच्या बाजारपेठेंतून एखादें कुटुंब नवा फोन घेऊन घरीं परततें, तेव्हां खोक्याबरोबर एक सल्लाही घरीं येतो. "काकू, वापरायच्या आधीं आठ तास चार्जिंगला लावा, मग पूर्ण उतरूं द्या. असें तीनदां केलेंत कीं बॅटरी पक्की झाली म्हणून समजा." सल्ला देणाऱ्या दुकानदाराचा त्यांत कांहींच लाभ नसतो, आणि घरांतील वडील माणसें मान डोलावतात, कारण आपल्या पहिल्या फोनच्या वेळीं त्यांनींही हेंच ऐकलेलें असतें. मुलगा मात्र पांच मिनिटांत फोन सुरू करतो आणि वादास तोंड फुटतें.

सल्ला खोटा नव्हे; तो शिळा आहे. मोटारीची शिशाची बॅटरी पुष्कळदां कोरडी येई. तींत आम्ल ओतून पहिला भार दीर्घ काळ द्यावा लागे. पुढें निकेल-कॅडमियमचा घट आला. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यानें तो १८९९ सालीं सिद्ध केला, आणि आरंभींच्या खिशांतल्या फोनांतून तोच बसवीत. हा घट दर वेळीं अर्धाच उतरवून पुन्हां भरला, तर त्याला जणूं अर्ध्याच चाकरीची संवय लागे. अशा घटाला मधून मधून पूर्ण उतरविणें शहाणपणाचें होतें. घट गेला, संस्कार मागें राहिला.

आजच्या फोनमधील लिथियम-आयन घट ही निराळी जात आहे. सोनी कंपनीनें तो १९९१ सालीं बाजारांत आणला, आणि त्याच्या पायाभूत संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याला अर्ध्या चाकरीची संवय लागत नाहीं. त्याचा पहिला भार मात्र खरोखरच महत्त्वाचा असतो, आणि येथेंच गंमत आहे: तो कारखान्यांतच दिलेला असतो. त्या वेळीं आंतल्या ग्राफाइटच्या ध्रुवावर एक अत्यंत पातळ पापुद्रा धरतो. तो लिथियमच्या कणांस जाऊं-येऊं देतो, पण आंतील द्रवाची नासाडी आवरून धरतो. पापुद्रा नीट धरावा म्हणून हें काम मंद गतीनें व देखरेखीखालीं करतात. ज्याला आपण घरीं 'कंडिशनिंग' म्हणतों तें असें आधींच उरकलेलें असतें. आठ तासांच्या जागरणानें त्यांत कणभरही भर पडत नाहीं.

उलट, घट वारंवार पूर्ण उतरविणें आणि तो भरून उन्हांत ठेवणें, हीं दोन्ही त्याचें आयुष्य कमी करतात. त्यांतही उष्णता अधिक वाईट. महाडच्या मे महिन्यांत मोटारींत समोरच्या कांचेशीं ठेवलेला फोन जेवढा झिजतो, तेवढा पहिल्या दिवशींच्या घाईनें खचित झिजत नाहीं. रोजच्या वापरांत वीस ते ऐंशी टक्क्यांत खेळता ठेवावा, एवढें पुरे. टक्क्यांचा आंकडाच भलता दिसूं लागला, तर एकदां पूर्ण उतरवून पूर्ण भरावा. पण ही दुरुस्ती मोजमापाची होय, घटाची नव्हे.

मात्र या नियमास सावित्रीच्या खोऱ्यांत एक मोठा अपवाद आहे. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुराखालीं गेलें, वीज गेली, फोन मुके झाले. त्याच दिवशीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं, आणि पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. रस्ते पाण्याखालीं असल्यामुळें मदत तळियेला पोहोंचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अशा रात्रीं ऐंशी टक्क्यांचें पथ्य पाळीत बसणें हें शास्त्राचें वेड ठरेल. अतिवृष्टीचा इशारा आला कीं घरांतील प्रत्येक फोन शंभर टक्के भरावा, पॉवर बँकही भरावी. महिन्यांतून चार वेळां पूर्ण भरल्यानें घटाचें जें नुकसान होतें, तें वर्षअखेर शोधूनही सांपडणार नाहीं.

भिजलेला फोन मात्र चार्जरला लावूं नये. तो बंद करून पुसून वाळूं द्यावा. आणि टॉवरच बंद पडला असेल, तर भरलेल्या फोनचाही उपयोग बेताचाच. तो संकेत शोधीत राहतो व त्या शोधांतच त्याची शक्ति झपाट्यानें सरते. अशा वेळीं त्याला एअरप्लेन मोडमध्यें टाकावें, पडद्याचा उजेड अगदीं मंद करावा, आणि तासा-दोन तासांनीं दोन मिनिटें उघडून संकेत आला कीं काय तें पाहावें.