सहाव्या वर्षाची दाढ



दंतवैद्यकाचा मी अधिकारी नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शाळेंत उभी हयात घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक. परंतु शिक्षकाच्या पेशांत एक गोष्ट अनायासें घडते. रोज चाळीस-पन्नास तोंडें त्याच्यासमोर उघडतात. मुलें पाढे म्हणूं लागलीं म्हणजे त्यांच्या मुखांत काय चाललें आहे, तें आईबापांपेक्षां मास्तरांना अधिक स्पष्ट दिसतें. तेवढ्या अनुभवावर, आणि सुज्ञ दंतवैद्यांकडून जें समजून घेतलें त्याच्या आधारें, आज मी बोलणार आहें.

‘दुधाचे दांत काय, पडायचेच आहेत!’ हें वाक्य मीं किती पालकांच्या तोंडून ऐकलें असेल, याची गणती नाहीं. वाक्य खरें आहे, आणि तितकेंच घातकही आहे. दुधाचे दांत एकंदर २०. पहिला दांत बहुधा ६ व्या महिन्याच्या सुमारास येतो, आणि ३ ऱ्या वर्षाच्या आसपास २० ही पुरे होतात. पुढचे दांत ६-७ व्या वर्षीं पडूं लागतात. पण मागच्या दाढा १०-१२ व्या वर्षापर्यंत तोंडांत राहावयाच्या असतात. जिला आपण चार दिवसांची पाहुणी समजतों, ती दाढ मुलाच्या सबंध प्राथमिक शिक्षणाची सोबतीण असते. ती किडून अकालीं काढावी लागली, तर शेजारचे दांत रिकाम्या जागेंत झुकतात, आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दांताला वाट उरत नाहीं.

तिसरीच्या वर्गांतला एक मुलगा मला आठवतो. अभ्यासांत लक्ष नाहीं, डबा अर्धा परत जाई. सहामाही परीक्षेनंतर तर तो मंद म्हणूनच गणला जाऊं लागला. एके दिवशीं शेवटच्या बांकावर तो गाल धरून बसलेला आढळला. दोन दाढा खोलवर किडल्या होत्या. ज्याला रात्रभर झोंप नाहीं, त्याला सकाळीं सतराचा पाढा कोठून आठवणार? उपचार झाल्यावर तो कांहीं एकदम हुशार झाला नाहीं, पण डबा मात्र संपूं लागला.

आतां ज्या दाढेसाठीं मी मुख्यतः बोलत आहें तिच्याकडे वळूं. ६ व्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागें, वरच्या व खालच्या जबड्यांत दोन्ही बाजूंस, एक एक नवी दाढ उगवते. ती येतांना कोणताही दांत पडत नाहीं. म्हणून घरांत कोणाला तिचा पत्ताच लागत नाहीं. पुढचा दांत पडला म्हणजे घरभर कौतुक होतें. ही बिचारी मुकाट्यानें येते, आणि आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. पण ती कायमची आहे. गेली तर पुन्हां यावयाची नाहीं. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, त्यांत अन्न अडकतें आणि ब्रशाचे केस तेथवर पोंचत नाहींत. या चिरा बुजविणारा एक पातळ लेप दंतवैद्य हल्लीं देतात. त्याला कोरणें नाहीं, सुई नाहीं. मुलाला ६ वें वर्ष लागलें कीं त्याला उजेडांत उभें करून शेवटच्या दाढेमागें एकदां पाहावें.

दांतांत किडा शिरतो ही समजूत केवळ आपलीच नव्हे, जगांत पुष्कळ ठिकाणीं होती. १८९० सालीं विलोबी मिलर या बर्लिन येथें काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्यानें ग्रंथ लिहून असें मांडलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांत झिजवितें. या जंतूंचा चिकट थर दांतांवर रोज बसतो. ब्रशानें तो निघतो. जो राहतो, त्यांत लाळेंतील क्षार मिसळून कठीण कीटण बनतें, आणि तें मग ब्रशाला दाद देत नाहीं. खालच्या पुढच्या दांतांची आंतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू येथें तें प्रथम धरतें, कारण लाळेच्या नलिका त्याच भागांत उघडतात. कीटणापाशीं हिरड्या सुजतात, ब्रश लागतांच रक्त येतें. आणि रक्त येतें म्हणून लोक तेथें ब्रश लावणेंच सोडतात!

कीटण काढविल्यानें दांत सैल होतात, ही भीति चांगल्या शिकलेल्या घरांतही आहे. भिंतींत उगवलेला पिंपळ उपटला कीं चीर दिसूं लागते. ती चीर उपटणाऱ्यानें पाडलेली नसते. तसेंच येथें आहे. लहान मुलांत कीटण बहुधा थोडेंच असतें, व त्यांचे दांत हळुवार घांसून देणें पुष्कळदां पुरतें. अर्थात् तेवढ्यानें कीड टळेल असें नाहीं. त्या निमित्तानें जाणता मनुष्य तोंडांत पाहतो, हा खरा लाभ.

अमेरिकेंत ब्रिजपोर्ट येथें आल्फ्रेड फोन्स नांवाचे दंतवैद्य होते. त्यांनीं १९०६ सालीं आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दांत स्वच्छ करण्याचें शिक्षण दिलें, आणि १९१३ सालीं या कामाची शाळाच काढली. तेथें तयार झालेल्या स्त्रिया गांवच्या शाळांत जाऊन मुलांचे दांत साफ करीत व ब्रश कसा धरावा तें शिकवीत. न्यूझीलंडनें १९२१ सालीं शालेय दंत-परिचारिका तयार करण्यास आरंभ केला. त्या तर शाळेच्या आवारांतच दाढा भरीत. मुलांनीं त्यांच्या दवाखान्याला ‘खुनाचें घर’ असें नांव ठेवलें होतें. मुलें इकडून तिकडे सारखींच! आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानें डेंटल हायजिनिस्ट या वर्गाची स्वतंत्र नोंद ठरविली. पण अशी व्यक्ति आपल्या शाळेच्या वर्गांत कधीं आली काय, हें श्रोत्यांनीं आपल्या मुलांनाच विचारावें.

घरीं करावयाचें फार नाहीं. सकाळीं एकदां आणि रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां, असे दोन वेळां दांत घांसावे. रात्रीची वेळ तर चुकवूंच नये. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. ३ वर्षांखालीं तांदुळाच्या दाण्याएवढी, पुढें ६ वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. राखुंडी व कोळसा दांत घांसत नाहींत, खरवडतात. मिशेरी तर तंबाखूच. आजीच्या डबीला नातवाचा हात लागूं देऊं नये. ७-८ वर्षांपर्यंत आईनें किंवा वडिलांनीं आपल्या हातानें ब्रश फिरवावा; ज्याचें अक्षर अजून रेघेवर बसत नाहीं, त्याचा ब्रश मागच्या दाढेवर कसा बसेल? दुधाची बाटली तोंडांत ठेवून मुलाला निजवूं नये. आणि गोड द्यावयाचें तर जेवणाबरोबर द्यावें. दिवसभर एकेक गोळी चघळणें हें एकदांच लाडू खाण्याहून वाईट.

आणखी एक विनंति. ‘हट्ट करशील तर दांतांच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोंचवीन,’ असा धाक घालूं नये. पहिला वाढदिवस होईतों मुलाला तेथें एकदां न्यावें. त्या दिवशीं तें आईच्या मांडीवर बसेल, डॉक्टर त्याच्या चार-सहा दांतांकडे पाहतील, आणि तें रडलेंच तर क्षणभर रडेल.