रस्ता झाला, पुढची पाच वर्षं कुणाची?



गावात नवा डांबरी रस्ता झाला,
की आपण खूश होतो.
पहिल्याच पावसात खडी वर आली,
की सरपंचांना बोल लावतो.
पण त्या रस्त्याची जबाबदारी असते कुणाची?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली २००० साली.
आज आपल्याकडे बांधकामाच्या शंभर रुपयांतले
साठ केंद्र सरकार देतं, चाळीस राज्य.
देखभालीचा पैसा मात्र राज्याचा.

आता मुख्य गोष्ट ऐका.
या योजनेत ज्या ठेकेदारानं रस्ता बांधला,
त्यानंच तो पुढची पाच वर्षं सांभाळायचा.
हे करारातच असतं.
खड्डे बुजवायचे.
साइडपट्ट्या भरायच्या.
गटारं मोकळी ठेवायची.
या गटारांकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.
पाणी तुंबलं,
की डांबर उखडलंच म्हणून समजा!

पुन्हा सांगते.
पाच वर्षं.
आणि जबाबदारी ठेकेदाराची.

रस्त्याच्या तोंडाशी माहितीफलक असतो.
काम कधी पूर्ण झालं, ते त्यावर वाचा.
पाच वर्षं झाली नसतील,
तर खड्ड्याचा फोटो काढा,
आणि ‘मेरी सडक’ ॲपवर तक्रार नोंदवा.