कर्त्या पुरुषाचे वजन आणि एक साधे गणित

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



अंगणवाडीत बालकांचे वजन होते, गरोदर मातांचेही होते. घरातील कर्ता पुरुष मात्र बहुधा आजारी पडल्यावरच काट्यावर उभा राहतो. त्याचे पोट सुटले तर ते आपण सुखवस्तूपणाचे लक्षण मानतो. बरगड्या दिसू लागल्या तर ‘अंगकाठीच तशी’ म्हणून सोडून देतो. या दोन्ही समजुती घातक आहेत.

वजन योग्य आहे किंवा नाही, हे उंची पाहिल्यावाचून ठरत नाही. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात या दोहोंची सांगड घातली. अमेरिकेतील अँसल कीज यांनी १९७२ साली त्या सूत्रास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. आपण त्यास शरीर वस्तुमान निर्देशांक म्हणू.

रीत सोपी आहे. पादत्राणे काढून, भिंतीस टाचा टेकवून उंची मीटरमध्ये मोजावी. उंचीस उंचीनेच गुणावे आणि येणाऱ्या संख्येने किलोग्रॅममधील वजनास भागावे. समजा, एका गृहस्थांची उंची १.७० मीटर आणि वजन ६८ किलो आहे. १.७० गुणिले १.७० म्हणजे २.८९; ६८ भागिले २.८९ म्हणजे सुमारे २३.५. हा त्यांचा निर्देशांक होय.

तो १८.५ हून कमी असल्यास कुपोषणाची शंका घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीत २५ पासून अतिवजन आणि ३० पासून स्थूलता धरतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी या मर्यादा अनुक्रमे २३ आणि २५ अशा सुचविल्या. म्हणजे वरील गृहस्थ युरोपात निर्धास्त राहतील. येथे त्यांनी सावध झाले पाहिजे.

असा भेद का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले हे उदाहरण बोलके आहे. आपली चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेहास वाट करून देते. म्हणून कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा.

या गणितास मर्यादाही आहेत. पहिलवानाचे वजन स्नायूंचे असते. तेथे केवळ निर्देशांकावरून त्यास स्थूल ठरविणे अन्यायाचे होईल. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर तक्ते निराळे आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी १६.२ टक्के कमी वजनाचे, तर २२.९ टक्के अतिवजनाचे वा स्थूल होते. एकाच गावात दोन्ही प्रश्न नांदत आहेत. कृश मजुरास पोटभर सकस अन्न हवे, कारण कुपोषित शरीरात क्षयरोग लवकर शिरतो. बैठ्या कामाच्या माणसास नित्य चालणे आणि मिताहार हवा. दोघांना एकच उपदेश करून भागणार नाही.

शिक्षकांनी वर्ग व भागाकार शिकविताना हेच उदाहरण द्यावे. पंचायत सदस्यांनी उपकेंद्रातील काट्यावर प्रथम स्वतः उभे राहावे. मात्र कोणाचाही आकडा चारचौघांत वाचून दाखवू नये. निर्देशांक हा निदान नव्हे, इशारा आहे. तो वेळीच ओळखून माणूस डॉक्टरांकडे गेला, तर घराचा आधार टिकून राहील.