धसका आणि त्याचे मोजमाप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दुखण्याचा विषय काढावा की नाही, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. परंतु आपले मंडळ ज्या गावात वाढले ते गाव पोलादाचे आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि घरदार मागे ठेवून आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे संसार तिच्या उजेडात उभे राहिले. याच कारखान्याने आपणांस दुःखाचे दिवसही दाखविले. 12 जून 2014 रोजी पंपगृहात विषारी वायू शिरून सहाजण प्राणास मुकले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीचा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली; त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते.

अशा वेळी मृतांची गणती होते, भाजलेल्यांवर उपचार होतात, चौकशी समिती नेमली जाते. परंतु जो धडधाकट घरी परतला आणि त्यानंतर भोंगा वाजला की ज्याचा हात थरथरू लागला, त्याची नोंद कोठे होते? ती नोंद ज्या साधनाने करतात त्या साधनाविषयी, म्हणजे स्वनिवेदन प्रश्नावलीविषयी, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द पूर्वापार आहे: धसका. 'त्या दिवसापासून त्याने धसकाच घेतला' असे आपल्या आज्या म्हणत. वैद्यकशास्त्राने या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले ते 1980 साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत. मराठीत तिला 'आघातोत्तर ताणविकृती' म्हणतात. जिवावरचा प्रसंग स्वतःवर ओढवला, डोळ्यांदेखत दुसऱ्यावर ओढवला, किंवा आपल्या निकटच्या माणसाचा असा अपघात झाल्याचे कळले, तर ही विकृती जडू शकते. घरी बसून बातमी ऐकणारी पत्नीदेखील यातून सुटत नाही. लक्षणांचे चार गट मानतात. तो प्रसंग नको असता आठवणे, स्वप्नांत येणे. त्याची आठवण देणारी जागा, माणसे, बोलणे टाळणे. मन विटणे, स्वतःला दोष देत राहणे, कशातच गोडी न वाटणे. आणि सदैव सावध राहणे, दचकणे, चिडणे, झोप उडणे. हे सारे महिनाभराहून अधिक टिकले आणि संसार-कामकाज त्यामुळे अडू लागले, तर त्यास विकृती म्हणावे, असा संकेत आहे.

आता हे मोजावे कसे? ताप मोजण्यास तापमापक आहे, रक्तदाबास यंत्र आहे. धसक्याला तसे यंत्र नाही. तो ज्याच्या मनात आहे त्यालाच विचारावे लागते. विशेष असे, की मनाविषयी माणसाला स्वतःलाच लेखी विचारण्याची पद्धतच मुळी या आजाराच्या निमित्ताने रूढ झाली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने हबकून गेलेले सैनिक रुग्णालयांत येऊ लागले, तेव्हा असे कोण हबकेल हे आधी ओळखता यावे म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'होय' किंवा 'नाही' अशा उत्तरांचे 116 प्रश्न तयार केले. ते वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले. पद्धत मात्र राहिली.

आज सर्वाधिक वापरात असलेली प्रश्नावली 'पीसीएल-5' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या केंद्राने ती तयार केली. तीत 20 प्रश्न आहेत. अमुक त्रास गेल्या महिन्याभरात कितपत झाला, याला 0 ते 4 गुण द्यावयाचे. म्हणजे एकूण गुण 0 ते 80. 31 ते 33 च्या आसपास किंवा त्याहून अधिक गुण आले, तर तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी व्हावी असे मानतात. भरावयास पाच-दहा मिनिटे पुरतात. तथापि ही सीमारेषा परदेशातल्या माणसांवरून काढलेली आहे; दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत ती जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही.

अशा कागदाचा उपयोग किती आणि मर्यादा कोणती, हे समजण्यास दूर जावयास नको. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये वायुकांड घडले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होती. 1985 च्या पूर्वार्धात मनोविकारतज्ज्ञांचे एक पथक तेथील दहा दवाखान्यांत बसले. त्यांच्या हाती जागतिक आरोग्य संघटनेची स्वनिवेदन प्रश्नावली होती. ती केवळ धसक्यासाठी नाही; झोप, भूक, डोकेदुखी, रडू येणे अशा सर्वसाधारण मानसिक त्रासाविषयी ती विचारते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखविता येते. शरीराच्या तक्रारी घेऊन आलेल्या 855 रुग्णांना हे प्रश्न विचारले गेले. 259 जणांचे गुण सीमेपलीकडे गेले. त्यांपैकी 44 जणांची पुढील तपासणी होऊ शकली नाही. उरलेल्या 215 जणांशी तज्ज्ञांनी सविस्तर बोलून पाहिले, तेव्हा 193 जणांना खरोखरच मनोविकार असल्याचे ठरले. त्यांत खिन्नता आणि चिंता यांनी ग्रासलेले अधिक होते, आणि पाचांत सुमारे चार स्त्रिया होत्या.

या आकड्यांपाशी थोडे थांबावे. पहिली गोष्ट, चाळणी चांगली होती. तिने पुढे केलेल्या दहांपैकी नऊजण खरेच आजारी निघाले. दुसरी, उरलेले 22 जण आजारी नव्हते. केवळ गुणांवरून शिक्का मारला असता तर त्यांच्यावर अन्याय झाला असता. तिसरी, 44 माणसे चाळणीवर आली परंतु तज्ज्ञापर्यंत पोहोचली नाहीत. आणि चौथी, ज्यांचे गुण कमी आले त्यांच्यांत कोणी आपले दुखणे झाकून बसले होते काय, हे या आकड्यांतून उमगत नाही. प्रश्नावली ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. निदान करावयाचे ते समोरासमोर बसून, 'किती वेळा, कशाने, त्यामुळे काय अडते' असे विचारूनच.

झाकण्याचा प्रश्न आपल्या गावात विशेष आहे. 'लिहिले तर पाळीवरून काढतील', 'मुलीचे लग्न जमावयाचे आहे', 'लोक वेडा म्हणतील' या भीतीने माणूस सगळीकडे शून्य लिहितो. क्वचित याच्या उलटही होते. भरपाईच्या आशेने कोणी त्रास वाढवून सांगतो. कागदाला खरेखोटे ओळखता येत नाही. म्हणून कागद पुढे आला की प्रथम विचारावे: हा कोण वाचणार, कोठे राहणार, कशासाठी वापरणार? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. ज्याला याचे सरळ उत्तर मिळते तोच पुढे सरळ उत्तरे देतो.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे आणि तो मंडळाच्या जिव्हाळ्याचा आहे. आपण कारखान्यात हिंदी बोलतो, अर्ज इंग्रजीत भरतो, मुले घरातही हिंदीत भांडतात. परंतु भीती वाटते ती मातृभाषेत. 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा उठतो', 'काळजाचे पाणी होते', 'मन कशात लागत नाही', असे सांगणाऱ्या काकूंना परक्या भाषेत 'आपणांस तीव्र भावनिक प्रतिक्रिया होतात काय' असे विचारले तर त्या 'नाही' म्हणून मोकळ्या होतील. आणि त्या खोटे बोललेल्या नसतील. म्हणूनच प्रश्नावलीचे भाषांतर केले की दुसऱ्या कोणाकडून ते मूळ भाषेत परत करून घेतात, दोन्ही ताडून पाहतात, आणि मग त्या भाषेच्या माणसांवर पारखून घेतात. घाईघाईने केलेल्या भाषांतरावर मोजलेले गुण हे गुणच नव्हेत.

मग आपण काय करावे? मंडळाने निदान करू नये. ते आपले काम नव्हे. परंतु एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला डॉक्टरांनी प्रश्नावली दिली आणि त्यांना ती वाचता येत नसेल, तर ती वाचून दाखविणारा मराठी माणूस आपण देऊ शकतो. डॉक्टरांना विचारून त्याने हे काम करावे. प्रश्न आहे तसा वाचावा. 'तुम्हांला असे काही होत नाही ना?' अशा सुरात वाचू नये. उत्तर सुचवू नये. सूनबाई किंवा मुलगा खोलीत नसावा, कारण त्यांच्यादेखत म्हातारा माणूस 'मी ठीक आहे' असेच म्हणणार. 'गेल्या महिन्याभरात' हे शब्द दर दोन-चार प्रश्नांनी पुन्हा सांगावेत. आणि ऐकलेले तेथेच ठेवावे. हळदीकुंकवाच्या बैठकीत नेऊ नये.

घरच्यांनीही एक ध्यानात ठेवावे. गुण कितीही येवोत, 'जगण्यात अर्थ नाही' असे जर कोणी बोलले तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गावात सेक्टर 9 चे रुग्णालय आहे, रायपूरला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे, आणि ऑक्टोबर 2022 पासून शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. या विकृतीवर उपाय आहेत. आघातावर केंद्रित असलेले मानसोपचार आणि काही औषधे यांनी पुष्कळांना उतार पडतो. तोच कागद काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतला, की तापाच्या तक्त्याप्रमाणे उपचार लागू पडतो की नाही, हेही कळते. या कामी स्वनिवेदनाइतके सोपे साधन दुसरे नाही.

पन्नास वर्षे या मंडळाने गणपती बसविले, नाटके केली, परमुलुखात आपली भाषा जतन केली. ती भाषा सणावाराला जशी लागते तशीच, किंबहुना अधिक, दुखणे सांगावयास लागते. कोणी तरी आपल्या बोलीत विचारील आणि ऐकलेले पोटात ठेवील, एवढा भरवसा एखाद्या खचलेल्या कामगाराला येथे वाटला, तर त्याच्या कागदावर शून्याऐवजी खरा आकडा उमटेल, आणि उपचाराचा मार्ग तेथून सुरू होईल.