१ जूनची मुले
(स्वयंसेवकांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज उपदेश नाही, याद्यांविषयी बोलायचे आहे. वसतिगृह, आरोग्य शिबिरे, बियाणे वाटप या सगळ्यांच्या याद्या आता एका डेटाबेसमध्ये घालायच्या आहेत. त्या साध्या टेक्स्ट फाइलींत पडून आहेत, निरनिराळ्या हातांनी टाइप केलेल्या.

पहिले काम फाँटचे. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली अक्षरे आतून रोमन असतात, वरून फक्त देवनागरी दिसतात. ती युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढे जाऊच नका. त्यानंतरही ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलेला सापडतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. नावामागची मोकळी जागा, मराठी-इंग्रजी आकड्यांची सरमिसळ हेही तसेच. पत्त्यात एक स्वल्पविराम जास्त पडला की पुढचे रकाने सरकतात आणि गावाच्या जागी तालुका येतो. एक्सेलमधून फिरून आलेल्या फाइलीची तर मला धास्तीच वाटते. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये ते खाऊन टाकते, आणि क्रमांक पंधरा अंकांहून मोठा असेल तर उरलेल्या अंकांची शून्ये करते.

हा मळ झाला. तो खुशाल काढा, पण मूळ फाइलीची प्रत काढून, प्रतीवरच.

दुबार नावांचे मात्र तसे नाही. अक्कलकुवा, धडगावकडे एकेका पाड्यात पुष्कळ घरे एकाच आडनावाची असतात: वसावे, पाडवी, वळवी. मुलांची नावे तीच, बापांची नावेही तीच. आणि जन्मतारीख? ती माहीत नसली की शाळेत नाव घालताना १ जून लिहायचे, हा प्रघात महाराष्ट्रभर होता. म्हणजे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तारीख सगळे जुळूनही मुली दोन असू शकतात. ‘दुबार काढा’ हे बटण दाबले की त्यातली एक जाते. संगणक कुरकुर करत नाही. कळते ते वाटपाच्या दिवशी, तिची आई पिशवी घेऊन रांगेत उभी राहते तेव्हा.

एज्राच्या दुसऱ्या अध्यायात वंशावळीत नाव न सापडलेल्या याजकांची हकीकत आहे. नाव सापडले नाही म्हणून त्यांना याजकपणातून वगळले गेले. यादीचे वजन एवढे असते.

म्हणून जुळणाऱ्या नोंदी पुसू नका, त्यांच्यावर खूण करा. आईचे नाव आणि पाडा यांचे रकाने जोडा. तरीही शंका उरली तर ती नावे कागदावर छापून पाड्यावर न्या आणि घरी विचारा. खोलीत बसून हा निकाल लागत नाही.

पावसात काही पाड्यांची वाट बंद होते, तेव्हा विचारपूस मे महिन्यातच उरकायची आहे. देवनागरी टायपिंग येणाऱ्यांनी आठवड्याचे दोन तास दिले तरी पुरे. ज्यांना ते येत नाही त्यांनी माझ्याबरोबर पाड्यांवर चलावे. चढ आहे, पाण्याची बाटली घ्या.